इंग्लंडमध्ये फुटबॉलचा सामना बघायला जाताय? तिकिटापासून परतीच्या गाडीपर्यंत सगळं

पहिल्या खेपेला मी लिव्हरपूल क्लबच्या ॲनफिल्ड मैदानाच्या दारातून परत आले. तिकीट फोनमध्ये होतं. टर्नस्टाइलला, म्हणजे प्रवेशाच्या फिरत्या दाराला, फोन लावला तर लाल दिवा लागला, पुन्हा लावला तर पुन्हा लाल. तिथल्या वयस्कर स्टुअर्डने (मैदानावरच्या कर्मचाऱ्याने) फोन हातात घेऊन नीट बघितला आणि हळू आवाजात सांगितलं की हे तिकीट क्लबने सकाळीच रद्द केलंय. मी रस्त्यापलीकडे बर्गरच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले. आत गोल झाला तेव्हा गाडीवरच्या बाईने चिमटा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. गोल कोणी मारला, तेही मला तिच्याकडूनच कळलं.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळ या तिथल्या संघांचे सामने बघत वाढले, त्यामुळे मैदानाबाहेर उभं राहून आतला आवाज ऐकणं म्हणजे काय ते मला वेगळं सांगायला नको. दोन वर्षांनी पुन्हा गेले ते बाबांना घेऊन, आणि आठ दिवसांत आम्ही तीन सामने व्यवस्थित बघितले. मधल्या काळात जे शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. माझ्यासारखं कोणाला बर्गरच्या गाडीपाशी उभं राहायला लागू नये.

१. आधी आठवडा ठरवा, मग सामना

प्रीमियर लीगचा, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या साखळी स्पर्धेचा, मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मेमध्ये संपतो. २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, त्यातले १९ घरच्या मैदानावर. वेळापत्रक जूनमध्ये येतं आणि आपण लगेच विमानाचं तिकीट काढायला धावतो. पहिली चूक इथेच होते, कारण त्या यादीतल्या तारखा पक्क्या नसतात.

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉल टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लोकांनी घरी बसण्यापेक्षा आपापल्या गावच्या मैदानावर जावं, म्हणून हा नियम साठच्या दशकापासून चालत आलाय. त्यामुळे टीव्हीवर दाखवायचे सामने दुसऱ्या वेळांना हलवले जातात: शनिवारी साडेबारा किंवा साडेपाच, रविवारी दोन किंवा साडेचार, कधी सोमवारी रात्री आठ. आपल्याला बघायचे असतात ते मोठे क्लब सगळ्यात जास्त हलतात. गुरुवारी युरोपातला सामना असेल तर शनिवारचा सामना रविवारी जातो. संघ एफए कप या बाद फेरीच्या स्पर्धेत पुढे गेला तर लीगचा सामना काही आठवडे लांबही पडतो.

म्हणून शुक्रवारी पोहोचा आणि मंगळवारी सकाळपर्यंत त्याच भागात राहा. विमानाचं तिकीट टीव्हीच्या तारखा जाहीर झाल्यावर काढा, नाहीतर बदलता येईल असं काढा.

आणखी दोन गोष्टी. मोसमात काही शनिवार-रविवार आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी मोकळे ठेवलेले असतात, तेव्हा प्रीमियर लीग नसते. दुसरं, नाताळात जाणार असाल तर २५ डिसेंबरला रेल्वे पूर्ण बंद असते आणि २६ तारखेला जवळजवळ बंद. २६ला फुटबॉल खेळायची तिथे जुनी परंपरा आहे, पण त्या दिवशी दुसऱ्या शहरात पोहोचायचं कसं, हे आधी बघून ठेवा.

२. तिकीट: रस्ता एकच, क्लबचा

प्रीमियर लीगच्या मोठ्या क्लबांची बहुतेक तिकिटं सीझन-तिकीटवाल्यांकडे, म्हणजे अख्ख्या मोसमाचं तिकीट काढलेल्यांकडे, असतात. उरलेली आधी सभासदांना मिळतात, आणि सर्वसामान्य विक्रीपर्यंत बहुतेक वेळा काही उरतच नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावर सभासद व्हायचं. वर्षाला साधारण तीस ते पन्नास पौंडांच्या घरात खर्च येतो आणि परदेशातून होता येतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. दोघं जाणार असाल तर दोघांचं सभासदत्व घ्या, कारण एका सभासदाला साधारणपणे एकच तिकीट मिळतं.

सभासद झालं म्हणजे तिकीट मिळालं असं नाही. लंडनच्या आर्सेनलसारख्या क्लबांमध्ये सभासदांची सोडत असते. नाव नोंदवायचं, निकालाची वाट बघायची. हरलात तर क्लबच्याच अधिकृत पुनर्विक्रीवर लक्ष ठेवायचं. ज्यांना सामन्याला जाता येत नाही ते सीझन-तिकीटवाले आपली जागा तिथे परत करतात. सामन्याच्या आधीच्या आठवड्यात, शेवटच्या दिवसापर्यंत, एकेक जागा सुटत राहते. बाबांची आणि माझी ॲनफिल्डची तिकिटं अशीच मिळाली, दोन वेगवेगळ्या दिवशी आणि दोन वेगवेगळ्या स्टँडमध्ये. शेजारी बसायचा हट्ट सोडलात तर तिकीट मिळण्याची शक्यता खूप वाढते.

वेळेचा हिशोब करून ठेवा. तिथे सकाळी दहाला विक्री उघडली, तर आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. तेव्हा हमखास गोंधळ होतो.

आता सापळा. इंटरनेटवर शोध घेतलात की क्लबच्या आधी पुनर्विक्रीची चकचकीत संकेतस्थळं दिसतात. 'शंभर टक्के हमी' असं लिहिलेलं असतं. मी अशाच एका ठिकाणाहून मूळ किमतीच्या पाचपट पैसे मोजून तिकीट घेतलं होतं. प्रत्यक्षात ते कोणाचं तरी सभासद-खातं होतं आणि मला त्याचा पास पाठवला होता. क्लबला संशय आला आणि त्यांनी पास बंद केला. हमीचे पैसे मागायला मी चार महिने ईमेल केले, एक रुपया परत आला नाही. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय फुटबॉलची तिकिटं विकणं हा फौजदारी गुन्हा आहे. मैफल किंवा नाटकाच्या तिकिटांना तो नियम लागू नाही, फुटबॉलला आहे. मैदानाबाहेर कोणी कानाशी येऊन 'तिकीट हवंय का' असं पुटपुटला तर नकारार्थी मान हलवा आणि पुढे चालू लागा. फेसबुकच्या गटातल्या 'माझा भाऊ आजारी पडला, तिकीट देतोय' या पोस्टसुद्धा त्याच जातीच्या.

पैसे असतील आणि आयुष्यात एकदाच जाणार असाल, तर क्लबच्या हॉस्पिटॅलिटीचा पर्याय आहे. जेवण, चांगली जागा आणि हमखास प्रवेश मिळतो. मोठ्या क्लबांत त्याचे काहीशे पौंड पडतात, पण व्यवहार सरळ असतो. अधिकृत विक्रेत्यांची यादी क्लबच्या संकेतस्थळावर असते. त्या यादीत नाव नसेल तर घेऊ नका.

३. कुठल्या बाजूचं तिकीट घेताय ते बघा

आपली मंडळी हे हमखास विसरतात. समजा तुम्ही लिव्हरपूलचे समर्थक, पण ॲनफिल्डचं तिकीट मिळालं नाही, म्हणून लंडनमधल्या एखाद्या क्लबाविरुद्धच्या त्यांच्या सामन्याचं तिकीट त्या घरच्या क्लबाकडून घेतलंत. आता तुमची जागा घरच्या समर्थकांत आहे. तिथे लाल शर्ट घालून गेलात तर दारातच अडवतील, आणि आत जाऊन पाहुण्यांच्या गोलला उडी मारलीत तर बाहेर काढतील. शिवाजी पेठेच्या घोळक्यात उभं राहून मंगळवार पेठेच्या गोलला शिट्टी मारायची कोणाची छाती होईल? तसंच समजा.

पाहुण्या समर्थकांचा वेगळा कोपरा असतो आणि तिथलं तिकीट २०१६ पासून तीस पौंडांच्या वर जाऊ देत नाहीत. पण ती तिकिटं वर्षानुवर्षं संघामागे गावोगाव फिरणाऱ्यांना आधी मिळतात. आपल्याला ती मिळणं जवळजवळ अशक्य आहे, आणि मला ते योग्यच वाटतं.

४. मोठा क्लब मिळाला तरी एक छोटं मैदान बघाच

प्रीमियर लीगच्या खाली तीन व्यावसायिक श्रेणी आहेत आणि त्यांत ७२ क्लब आहेत. त्यांची तिकिटं बहुतेक वेळा आदल्या दिवशीही मिळतात, खालच्या श्रेणीत वीस ते तीस पौंडांत. लंडनमध्ये असाल तर लेटन ओरिएंटला जा. तिथे मैदानाच्या कोपऱ्यांत राहत्या इमारती आहेत आणि लोक आपल्या गॅलरीत उभं राहून सामना बघतात. किंवा एएफसी विम्बल्डनला जा. जुना क्लब उचलून दुसऱ्या शहरात नेला, तेव्हा २००२ मध्ये समर्थकांनी स्वतः नवा क्लब काढला आणि २०२० मध्ये तो प्लाउ लेनला, आपल्या मूळ भागात, परत आणला.

आम्ही ट्रॅनमिअर रोव्हर्सच्या प्रेंटन पार्कला गेलो. लिव्हरपूलहून मर्सी नदीच्या खालून रेल्वे जाते. हा बोगदा १८८६ पासून चालू आहे. नदीपलीकडे बर्कनहेडमध्ये उतरायचं आणि घरांच्या रांगांमधून चालत जायचं. आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, मांडीवर थर्मास आणि शेजारची खुर्ची रिकामी. मध्यंतरात त्यांनी बाबांना विचारलं, कुठून आलात? बाबा म्हणाले, "कोल्हापूर. वी ऑल्सो फुटबॉल." त्यांच्या इंग्रजीत तेवढंच बसत होतं. आजोबांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून बाबांच्या हातात दिला. उरलेला अर्धा वेळ दोघं एकमेकांना हातवाऱ्यांनी सांगत होते की डावा बॅक कसा पुढे पळतो आणि परत येत नाही. ॲनफिल्डला आम्ही वेगवेगळे बसलो होतो आणि ते वैभव मी विसरणार नाही. पण बाबा अजून बोलतात ते या चहाबद्दल.

महिलांच्या सामन्याची तिकिटं पुरुषांच्या सामन्याच्या मानाने खूप स्वस्त असतात. आर्सेनलच्या महिला संघाचे सामने पुरुष संघाच्याच एमिरेट्स मैदानावर होतात, म्हणजे साठ हजारांचं तेच मैदान आणि तीच हिरवळ बघायला मिळते. लहान मुलं बरोबर असतील तर पहिला सामना हाच ठेवा.

५. व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि बोटांचे ठसे व फोटो द्यायला केंद्रावर जायचं. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. गोव्यातल्या ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांना व्हिसा लागत नाही, पण एप्रिल २०२५ पासून प्रवासाआधी ईटीए ही ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. ती विसरून विमानतळावर गेलात तर विमानात चढू देणार नाहीत.

अर्जासोबत आम्ही हे जोडलं:

- पासपोर्ट, आणि जुने असतील तर तेही
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- पगारपत्रकं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, आयकर विवरणपत्रं
- बाबांचे पेन्शनचे कागद आणि त्यांचा खर्च मी करणार असल्याचं माझं पत्र
- दिवसवार प्रवासाचा आराखडा, त्यात सामन्यांची नावं
- मराठीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर

अर्जाच्या आधी खात्यात अचानक दोन-तीन लाख भरू नका. हे पैसे आले कुठून, असा प्रश्न पडला आणि उत्तर कागदावर नसलं तर नकार येतो. आत्याने दिले असतील तर तसं लिहा आणि तिचं पत्र जोडा. सामन्याचं तिकीट व्हिसासाठी लागत नाही, त्यामुळे घाईने भलत्या ठिकाणाहून घेऊ नका.

६. फोन

तिकीट आता कागदावर नसतं. फोनच्या वॉलेटमध्ये पास येतो आणि टर्नस्टाइलला फोन टेकवायचा. त्यासाठी फोनमध्ये एनएफसी, म्हणजे फोन नुसता टेकवून चालवायची सोय, लागते. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ती नसते. बाबांच्या फोनमध्ये नव्हती, आणि हे मला निघायच्या चार दिवस आधी कळलं. मावसभावाचा जुना फोन मागून नेला. घरून निघण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन बघा. पास घरच्या वायफायवरच वॉलेटमध्ये टाका, कारण मैदानापाशी पन्नास हजार लोक एकाच वेळी इंटरनेट वापरत असतात.

क्लबांच्या मैदानात रोख पैसे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करा. आणि भारतीय सिम काढून टाकू नका. तिथे बसून तिकिटाचे पैसे भरताना ओटीपी याच नंबरवर येतो, आणि तुमचं सिम पाकिटात असलं तर समोरची जागा तीन मिनिटांत दुसऱ्याच्या नावावर जाते. पॉवर बँक छोटी न्या.

७. सामन्याच्या दिवशी

पिशवी ए-४ कागदापेक्षा मोठी नको, काही मैदानांवर त्याहून लहान लागते. सूटकेस घेऊन सरळ मैदानावर गेलात तर आत सोडणार नाहीत. लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीटसारख्या मोठ्या स्थानकांवर सामान ठेवायची सोय असते. मोठी छत्री नको, रेनकोट हवा. डिसेंबर-जानेवारीत चारच्या सुमारास अंधार पडतो आणि दुसऱ्या अर्ध्यात पाय गारठतात, तेव्हा जाड मोजे दोन जोड घाला. स्कार्फ घ्यायचा तर आपल्या क्लबचा घ्या. दोन्ही संघांची नावं असलेला अर्धा-अर्धा स्कार्फ बाहेर ढिगाने विकायला असतो, पण तिथल्या जुन्या लोकांना तो आवडत नाही.

लिव्हरपूलमध्ये ॲनफिल्डचं मैदान रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याइतकं जवळ नाही. शहरातून ९१७ नंबरची बस जाते किंवा मर्सीरेल या तिथल्या लोकलने सँडहिल्सला उतरून तिथून मैदानाला जाणारी सॉकरबस मिळते. लंडनमध्ये चेल्सीसाठी फुलहॅम ब्रॉडवे स्थानक, फुलहॅमसाठी पटनी ब्रिज. तिथून नदीकाठच्या बिशप्स पार्कमधून चालत जा, तो रस्ता फार सुंदर आहे. आर्सेनलसाठी त्याच नावाचं भुयारी स्थानक आहे. १९३२ मध्ये क्लबच्या नावावरून स्थानकाचं नाव बदललं होतं.

दीड-दोन तास आधी पोहोचा. ॲनफिल्डला गेलात तर आधी हिल्सबरोच्या स्मारकापाशी जा. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ समर्थक गेले. त्यांची नावं तिथे कोरलेली आहेत आणि ज्योत तेवत असते. बाबांनी तिथे टोपी काढली आणि प्रत्येक नावापुढचं वय वाचत गेले. आज आपण खुर्चीवर सुरक्षित बसतो ते त्या दिवसानंतर झालेल्या चौकशीमुळे आणि बदललेल्या नियमांमुळे. तिथे सेल्फी काढू नका. आणि लिव्हरपूलमध्ये 'द सन' हे वृत्तपत्र हातात घेऊन फिरू नका. मृतांबद्दल त्याने छापलेल्या खोट्या बातमीमुळे हे शहर तेव्हापासून त्याच्यावर बहिष्कार टाकून आहे.

खाण्याचं नीट वाचा. मैदानातल्या 'पाय'मध्ये (आत सारण भरून भाजलेला पदार्थ) बहुतेक वेळा बीफ असतं. शाकाहारी असाल तर चीज-कांद्याची पाय मागा. थंडीत सगळे पितात ते गरम बोव्हरिल चहासारखं दिसतं, पण तो गोमांसाचा अर्क आहे. आणि उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशरमध्ये, दुकानातले चिप्स बीफच्या चरबीत तळायची पद्धत आहे. नुसते बटाटेच आहेत असं समजू नका, विचारा. उत्तर प्रामाणिकपणे देतात. पूर्ण निर्धास्त खायचं असेल तर ग्लॉस्टरशरमधल्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सच्या मैदानावर जा, तिथे सगळंच वीगन मिळतं.

८. आत गेल्यावर

आपल्याच जागेवर बसा. बिअर घेतलीत तर ती आतल्या गाळ्यांपाशी संपवा. १९८५ च्या कायद्यानुसार हिरवळ दिसते तिथे दारू पिता येत नाही. खेळाच्या हिरवळीवर पाऊल टाकणं हा गुन्हा आहे, आनंदातसुद्धा. खेळ चालू असताना उठून रांगेतल्या सगळ्यांना उभं करू नका, मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं. फोन वर धरून अख्खा सामना चित्रित करणाऱ्याच्या मागे बसलेला माणूस आधी खाकरतो, मग बोलतो.

शिव्या भरपूर ऐकू येतील. त्या पंचाला आणि समोरच्या संघाला असतात. पण रंगावरून, देशावरून कोणी तुम्हाला काही बोललं तर ते सहन करायचं कारण नाही. तो तिथे गुन्हा आहे. जागा क्रमांक लक्षात ठेवा आणि स्टुअर्डला सांगा. बऱ्याच क्लबांचा संदेश पाठवायचा नंबर स्टँडमध्ये लिहिलेला असतो, शेजाऱ्याच्या नकळत तक्रार करता येते. आम्हाला तिन्ही मैदानांवर त्याची गरज पडली नाही.

९. परत येताना

शिट्टी वाजल्यावर लगेच स्थानकाकडे धावलात तर रांगेतच उभे राहाल. वीस मिनिटं बसून राहा, रिकामं होणारं मैदान बघा. आणि रात्री आठचा सामना असेल तर त्या रात्री लिव्हरपूलहून लंडनला गाडी नसते, हे आधीच धरून खोली तिथेच घ्या. खोली सामन्याची तारीख पक्की झाल्याच्या दिवशीच, रद्द करता येईल अशा दराने आरक्षित करा, कारण दुसऱ्या दिवशीपासून भाडं चढतं.